जसं लिहिलंय तसं

आमच्या इमारतीचा ग्रुप मोठ्याने वाचला जायचा.

मोबाईलवरचाच ग्रुप. सगळ्यांच्या इमारतीत असतो तसा. सकाळी फुलं, दुपारी भांडणं, संध्याकाळी परत फुलं. फरक एवढाच, की आमच्याकडे रोज संध्याकाळी पाणी यायच्या वेळी खालच्या नळापाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून एक काका तो अख्खा ग्रुप वाचून दाखवायचे. कालच्या वाचनानंतर आलेल्या पहिल्या मेसेजपासून आत्ता आलेल्या शेवटच्या अंगठ्यापर्यंत. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. कमिटीने तर नक्कीच नाही. वाचन बंद करावं असा रीतसर ठराव सोसायटीच्या सभेपुढे आला होता. तो पडला. कसा पडला ते मला लिहायचंय, कारण त्या आठवड्याची आठवण आली की मी अजूनही मनातल्या मनात हुश्श करते.

माझ्याकडून नाजूक लिखाणाची अपेक्षा ठेवू नका. मी पत्रकं लिहिते. पाण्यासाठी, फुटपाथसाठी, खाडीत मलबा ओतणाऱ्यांविरुद्ध. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकच्या धुरात उभी राहून ती वाटतेही मीच. आमच्या संघटनेत शिकवतात की पत्रकाचं पहिलं वाक्य थोबाडीत बसलं पाहिजे, कारण दुसरं कुणी वाचत नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग दुसरं लिहितेस कशाला?" मी तरीही दुसरं लिहिते.

काका तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या घरात एकटे राहायचे. उंच, आणि कमरेतून किंचित डावीकडे कललेले, जणू कुठल्यातरी पडद्याआडून डोकावतायत. मुंबईतल्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात आयुष्य गेलं, पण नोकरीबद्दल विचारलं की म्हणायचे, "मी प्रॉम्प्टर." त्या कंपनीत हौशी नाटकमंडळी होती, दरवर्षी स्पर्धेला नाटक बसवायची. काका विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवायचे. तोंडाला रंग एकदाही लावला नाही. त्या दिवसांची एक पेनाएवढी टॉर्च शर्टाच्या खिशाला कायम लावलेली असायची. ग्रुप वाचतानाही ते ती पेटवून मोबाईलवर धरायचे. मोबाईलला स्वतःचा उजेड असतो, हे त्यांना मान्यच नव्हतं. "दुसऱ्याच्या उजेडात वाचायची सवय नाही," म्हणायचे.

प्रॉम्प्टरचा त्यांचा कायदा साधा होता. आपलं काही घालायचं नाही. जसं लिहिलंय तसं.

आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या ग्रुपवर मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही भाषा, आणि निम्मे लोक तिन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत लिहिणारे. इंग्रजी अक्षरांना मोठी आणि लहान अशी दोन मापं असतात. काकांच्या लेखी ही मापं म्हणजे आवाजाच्या सूचना होत्या. सगळी अक्षरं मोठी असतील तर तो माणूस ओरडतोय, म्हणजे काकाही ओरडणार. सगळी लहान असतील तर तो पुटपुटतोय, काकाही पुटपुटणार. तीन टिंबं आली की ते थांबायचे, आणि पुढे काही नसलं तरी थांबायचे. रांगेतली माणसं चुळबुळ करायची, पण लिहिणाऱ्याने टिंबं दिलीत म्हटल्यावर काकांचा नाइलाज.

जोडलेले हात आले की टॉर्च काखेत धरून खरोखर नमस्कार. अंगठा आला की न बोलता अंगठा दाखवायचा. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारा तो पिवळा चेहरा आला, की अगदी कोरड्या आवाजात, "हसतायत. रडूही येतंय." कुणी मेसेज टाकून परत काढला असेल तर काका क्षणभर मोबाईलकडे बघायचे आणि जाहीर करायचे, "इथे एक पात्र आलं होतं. न बोलता गेलं." मग त्या पात्राचं नाव सांगायचे. पुढारलेल्या इमारतींत म्हणे मेसेज काढायला लोक घाबरत नाहीत. आमच्याकडे घाबरायचे.

बाहेरून आलेले, फॉरवर्ड केलेले मेसेज मात्र ते वाचायचे नाहीत. दुसऱ्या मंडळींचं नाटक आपल्या रंगमंचावर नको.

मी आमच्या मागण्यांचे मेसेज देवनागरीत लिहायचे. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे आपण सुटलो असं मला वाटायचं. पण पत्रकवाल्यांची सवय, मी वाक्यंच्या वाक्यं ठळक करायचे आणि शेवटी तीन-तीन उद्गारचिन्हं. काकांनी यावर विचार करून ठेवला होता. ठळक वाक्य म्हणजे उभं राहून बोलायचं. टाकीच्या सफाईबद्दल मी एकदा असा लांबलचक मेसेज टाकला, की काका एका वाक्याला उठतायत, पुढच्याला बसतायत, परत उठतायत. बादल्या भरायच्या सोडून लोक बघायला लागले. उद्गारचिन्हांना त्यांनी आवाजाच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. "लाज वाटली पाहिजे" हे माझं वाक्य तिसऱ्या पायरीवर पोचलं तेव्हा त्यांना ठसका लागला.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पत्रकवाली, हे तिसरं चिन्ह कुणासाठी गं?"

मी म्हटलं, जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी.

"जो दोनात ऐकत नाही, तो तिसऱ्याला खिडकी लावून घेतो," ते म्हणाले. "आणि ठळक जरा बेताने. गुडघे माझे आहेत."

मला राग आला होता. मुद्दा टाकीतल्या गाळाचा, आणि चर्चा काकांच्या गुडघ्यांची. पण टाकी त्याच आठवड्यात साफ झाली हेही खरं, कारण मोबाईलवर कुणीच न वाचलेला तो मेसेज नळापाशी सगळ्यांनी ऐकला होता. मी तिसरं उद्गारचिन्ह सोडलेलं नाही. फक्त हल्ली मेसेज टाकण्याआधी एकदा उभी राहून वाचते.

हे वाचन सुरू झालं ते बांमुळे. बा म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या गुजराती आजी. वय झालेलं, गुडघे गेलेले, कान गेलेले, पण त्यांचं घर म्हणजे आमच्या इमारतीची तिजोरी. बा कधीच बाहेर जात नाहीत, म्हणून सगळ्यांच्या घरांच्या जादा चाव्या त्यांच्याकडे. स्वयंपाकघरात खिळ्यांची ओळ आणि प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा. कमिटीने एक दिवस जिन्याखालचा सूचनाफलक काढून टाकला. यापुढे सगळ्या सूचना ग्रुपवर. किती आधुनिक. कुणाच्या डोक्यात आलं नाही की बांकडे असा मोबाईलच नाही. पाणी बंद राहणार ही सूचना सगळ्यांनी ग्रुपवर वाचली, आणि बा दिवसभर कोरड्या नळाखाली हंडा लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी खुर्ची बाहेर काढली. बांची खिडकी नळाच्या बरोबर वर आहे. त्या खिडकीत बसायच्या आणि काका कुजबुजायला लागले की वरून ओरडायच्या, "संभळातुं नथी!"

"लहान अक्षरं आहेत बा," काका खालून मराठीत सांगायचे.

"तो मोटा कर!" बा हिंदीत यायच्या. पण काकांनी कधी आवाज चढवला नाही. जसं लिहिलंय तसं.

बांना त्यामुळे इमारतीतली फक्त भांडणं कळायची, माफ्या कळायच्या नाहीत.

आणि भांडणं म्हटलं की चौथा मजला. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना आम्ही सगळे मागे 'चौथा मजला' एवढंच म्हणायचो. मधुमेहामुळे वाळलेला, सभ्य, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. समोर बोलले तर ऐकायला पुढे वाकावं लागेल इतका आवाज हळू. ग्रुपवर मात्र त्यांचं प्रत्येक अक्षर मोठं. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा मोठ्या अक्षरांत, वाचणाऱ्याला वाटावं की जन्माला आल्याबद्दल जाब विचारतायत.

मीटरच्या खोलीसमोर कुणीतरी स्कूटर लावली होती. त्यावर चौथ्या मजल्याने लिहिलं, गाडी कोणाची आहे, ताबडतोब काढा. सगळं मोठ्या अक्षरांत. संध्याकाळी काकांनी छाती भरून ते असं वाचलं की फाटकाबाहेर गिऱ्हाइकाची वाट बघत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने घाईघाईने रिक्षा सुरू केली आणि तो निघून गेला. स्कूटर तिथेच राहिली.

चौथा मजला कळशी घेऊन रांगेतच होते. पुढे आले आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "अहो, मी ओरडलो नव्हतो."

"साहेब, सगळी अक्षरं मोठी आहेत."

"मला लहान दिसत नाहीत. चष्मा बदलायला झालाय. मोठी केली की काय लिहितोय ते तरी कळतं."

काकांना हे पटलं. म्हणाले, "मग तसं आधी लिहीत चला. कंसात. नाटकात नसतं का, कंसात, दचकून. तसं. म्हणजे मी हळू वाचेन."

दुसऱ्या दिवसापासून चौथ्या मजल्याच्या मेसेजच्या सुरुवातीला कंस यायला लागला, चष्म्याशिवाय. पण कंसातलंही मोठ्याच अक्षरांत. त्यामुळे काका आधी "चष्म्याशिवाय" असं गरजायचे आणि मग बाकीचं कुजबुजायचे. चार दिवसांत चौथ्या मजल्याने कंस सोडला.

माझं मत विचाराल तर सगळा दोष चष्म्याचा नव्हता. ज्या माणसाला समोर आवाज चढवता येत नाही, त्याला कुठेतरी तो चढवावा लागतोच. आणि मोबाईलवर सगळी अक्षरं काही आपोआप मोठी होत नाहीत. मोठ्या अक्षरांचं बटण दोनदा पटापट दाबावं लागतं, तेव्हा ते अडकून राहतं. चौथा मजला प्रत्येक मेसेजच्या आधी ते दोनदा दाबायचे. मी जिन्यात बघितलंय, दोन टिचक्या, मग लिहायला सुरुवात. तबलजी आधी हातोडी मारून बघतो तसं.

ठराव त्यांनीच आणला. त्यांच्या बाथरूममधून खालच्या घरात गळती होती. त्यावर खजिनदारांशी त्यांची ग्रुपवर जुंपली, आणि ती जुगलबंदी काकांनी सलग तीन संध्याकाळी वाचली. ऐकायला आता फक्त आमची माणसं नसायची. रिक्षावाले असायचे. उत्तनहून येणारी मासळीवाली मावशी पाटी विकून झाली तरी फाटकाशी बसून राहायची. तिसऱ्या दिवशी तिने चौथ्या मजल्याला वाटेत अडवून विचारलं, "काय वो, नळी बसवली का न्हाय अजून?"

हे फार झालं. त्यांनी लिहिलं, पार मोरवा गावापर्यंतच्या लोकांना माझं बाथरूम गळतं हे माहीत झालंय. ग्रुपची गोष्ट ग्रुपमध्ये राहिली पाहिजे. वाचन कायमचं बंद करावं. रविवारच्या सभेत ठराव. काकांनी हे सगळं संध्याकाळी खणखणीत आवाजात वाचलं आणि खाली बसताना म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे त्यांचा."

मला मुळीच बरोबर वाटत नव्हता. सूचनाफलक काढताना कुणी सभा घेतली होती? बांना विचारलं होतं? ज्याच्या हातात महागडा फोन तो सभासद, आणि बाकीच्यांनी कोरड्या नळाखाली बसायचं? मी काकांना सांगितलं, मी यावर पत्रक काढते. ऐकण्याचा हक्क असं नावही सुचलं होतं.

"नको," ते म्हणाले. "मलाच वाचावं लागेल."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"नाटक बंद करायचा हक्क निर्मात्याला असतो गं. प्रॉम्प्टरला कुणी विचारत नाही."

पण त्याच दिवशी ते जाऊन टॉर्चचे नवे सेल घेऊन आले. काकांच्या दाराला रोज दुधाची एकच छोटी पिशवी लटकलेली असायची. संध्याकाळचं वाचन सोडलं तर दिवसभरात त्यांचा आवाज कुणी ऐकत नसे. ठराव पास झाला असता तर त्या खुर्चीत बसून त्यांनी काय केलं असतं, याचा विचार मला करवत नव्हता. म्हणून तो आठवडाभर मी खरंच धास्तावलेली होते, आणि धास्तावले की मी जास्त चिडते.

प्रॉम्प्टिंगबद्दल त्यांनी मला एकदा एक गोष्ट सांगितली होती. नट बोलता बोलता गप्प झाला की दोनच शक्यता. एक तर तो थांबलाय, नाहीतर अडकलाय. थांबलेल्याला वाक्य पुरवलं तर तो विंगेत येऊन शिव्या घालतो. अडकलेल्याला पुरवलं नाही तर नाटक पडतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. "फरक कसा ओळखायचा?" मी विचारलं होतं. त्यांनी टॉर्चचं बटण चालू-बंद केलं आणि म्हणाले, "त्याचा नेहमीचा आवाज पाठ पाहिजे."

सभेच्या अलीकडचा तो गुरुवार. दुपारभर ग्रुप पेटला होता. चौथा मजला आणि खजिनदार, मध्ये मध्ये मी, बाकीचे हसरे चेहरे टाकणारे. संध्याकाळी नळ आला, बादल्या लागल्या, बा खिडकीत बसल्या, मासळीवाली फाटकाशी. काकांनी टॉर्च लावली आणि स्वतःच्याच विरुद्धचा खटला वाचायला घेतला. हा माणूस कोण लागून गेला, असं चौथ्या मजल्याने त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. काकांनी ते स्वतःबद्दल गरजून विचारलं, एक कणही कमी न करता. रांगेत हशा झाला. खजिनदारांचं उत्तर झालं. माझी दोन ठळक वाक्यं उठून, बसून झाली.

मग परत चौथ्या मजल्याचं नाव आलं. त्यांचं नाव आलं की काका आधी छाती भरून घ्यायचे, सवयच झाली होती. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तसेच राहिले. टॉर्च मोबाईलच्या अगदी जवळ नेली.

मग इतक्या बारीक आवाजात वाचलं की मी शेजारी उभी होते म्हणून ऐकू आलं.

"खाली कोणी आहे का."

पहिलं अक्षर फोनने आपणहून मोठं केलेलं. बाकी सगळी लहान. प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम नाही. आणि त्याच्याखाली, हे मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, एक अंगठा, गुलाबासकट शुभ संध्याकाळ, आणि कुणाचातरी प्रश्न की इस्त्रीवाला येऊन गेला का.

काका पुढे गेले नाहीत. मला वाटलं, न दिसणारी टिंबं असतील.

"शुं लख्युं छे?" बा वरून ओरडल्या. "संभळातुं नथी!"

काका खुर्चीतून उठले. ठळक काही नव्हतं, तरी उठले. मान वर करून त्यांनी आधी चौथ्या मजल्याचं नाव घेतलं आणि मग ती लहान अक्षरं अशी ओरडून वाचली की जिन्याच्या पोकळीतून ती गच्चीपर्यंत गेली आणि परत आली.

"खाली कोणी आहे का!"

मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या काळात, लिहिलंय त्यापेक्षा वेगळं त्यांनी वाचलं ते एवढंच.

वरून उत्तर आलं नाही. चौथ्या मजल्यावरचा दिवा लागला होता, खिडकी उघडी होती, आणि कुणी डोकावलं नाही.

"थांबले नाहीत ते," काका म्हणाले. "अडकलेत. जा."

मी आणि खजिनदार धावलो. पहिल्या मजल्यावर पोचलो तर बा दारात उभ्या. एका हातात लाल दोऱ्याची चावी, दुसऱ्या हातात साखरेचा डबा. "एने शुगर छे," एवढंच म्हणाल्या. त्यांना मधुमेह आहे, बायको भाचीच्या लग्नाला अलिबागला गेलीय, हे बांना सगळं पाठ. चावी सोपवताना लोक बांना सगळं सांगून जातात.

चौथा मजला सोफ्याला टेकून जमिनीवर बसलेले होते. शर्ट घामाने चिंब, मोबाईल मांडीवर. आमच्याकडे बघत होते, पण आम्ही कोण ते कळत नव्हतं. साखर उतरली की असं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, खजिनदारांना होतं, त्यांच्या वडिलांमुळे. ज्या माणसाशी दुपारभर भांडत होते त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, पाण्यात साखर घाल, भरपूर. मी घातली. अर्धी पेल्यात, अर्धी फरशीवर. घोट घोट पाजलं. काही वेळाने डोळ्यांत ओळख आली. त्या नेहमीच्या, वाकून ऐकाव्या लागणाऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "दार कुणी उघडलं?"

काका चार जिने चढून सगळ्यात शेवटी पोचले. धापा टाकत दाराशीच बसले.

"साहेब," ते म्हणाले, "आज लहान अक्षरांत लिहिलंत."

"काही दिसतच नव्हतं."

"म्हणून तर कळलं. दोनदा टिचकी मारायचं राहिलं तुमचं."

मग रिक्षा, हॉस्पिटल. डॉक्टरांनी तपासलं, ठेवून घेतलं आणि सांगितलं की आता भीती नाही. मी रिक्षातून परत येताना रडले, आणि घरी पोचेपर्यंत चिडलेही. तो अंगठा कुणाचा? वाचलं नाही तर अंगठा कशाचा दाखवलास? मी काकांना म्हटलं, उद्या ग्रुपवर यांना सोडत नाही, प्रत्येक वाक्य ठळक.

"लिही," ते म्हणाले. "उभा राहून वाचेन. पण त्यांनी दुर्लक्ष नाही केलं गं. एवढ्या मोठ्यांच्या मध्ये एक छोटं आलं, ऐकूच गेलं नाही."

मी लिहिलं नाही. शुक्रवारी कुणीच काही धड लिहिलं नाही. अख्खा ग्रुप सभ्य झाला होता. कसे आहेत, काही लागलं तर सांगा, देव भलं करो, सगळं लहान लहान अक्षरांत. काका सगळं पुटपुटत वाचत गेले. बा वर वैतागून कपाळाला हात लावून बसल्या. मासळीवालीला राहवेना. "आज कोन गेलं का काय?" तिने फाटकातून विचारलं. "एवडं हळू?"

"कुणी गेलं नाही," काका म्हणाले. "सगळे सुधारलेत."

रविवारच्या सभेचं आत्ताच सांगून टाकते. ठराव वाचला गेला. सूचक हजर होते, अशक्त पण इस्त्री केलेले. अनुमोदनासाठी विचारलं तर एकही हात वर आला नाही. खजिनदार टेबलाखाली काहीतरी पडलंय असं बघायला लागले. पुढचा विषय सूचनाफलकाचा होता, आणि तो परत लावायचं ठरलं. पण फलक लागला तरी वाचन चालूच राहिलं, अगदी काका मुलीकडे नाशिकला राहायला जाईपर्यंत. जाताना खुर्ची नेली नाही. टॉर्च नेली.

माझ्या हिशेबी मात्र ठराव सभेत पडलाच नव्हता. तो आदल्या दिवशी, शनिवारी, नळापाशीच पडला होता.

शनिवारीसुद्धा सगळी कुजबुजच चालली होती. नळाला पाणी बारीक, काकांचा आवाज त्याहून बारीक. चौथा मजला घरी आले की नाही ते कुणाला नक्की माहीत नव्हतं, त्यांचं दार बंद होतं. इतक्यात काकांच्या हातातच मोबाईल वाजला. त्यांनी टॉर्च वळवली, बघितलं, आणि आमच्यापैकी कुणाकडे न बघता उभे राहिले. छाती भरून घेतली. इतकी, की शर्टाचं बटण ताणलं.

"मी घरी आलो आहे!" काका गरजले. "ठराव मागे घेतलेला नाही! उद्या सर्वांनी वेळेवर यावे! माझ्या हॉलमध्ये साखर सांडून मुंग्या झाल्या आहेत, याला जबाबदार कोण?"

फाटकाबाहेर एक रिक्षा सुरू झाली. मी हात वर केला. खजिनदार बादलीवर बसून हसायला लागले, आणि वर खिडकीतून बांनी, दोन दिवसांत पहिल्यांदा ऐकू आल्याच्या समाधानाने, खाली सांगितलं,

"हवे संभळायुं."